रुंद भिंगाची साक्ष



ज्या शाळेच्या बाकावर बसून अनेक उत्तरे चुकवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याची पाळी यावी, हा योग भाग्याचा खरा. पण तितकाच संकोचाचा आहे. ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होते, ते आम्हांला विज्ञान आणि चित्रकला असे दोन्ही विषय शिकवीत. त्या काळी शिक्षक कमी होते म्हणून तसे करावे लागे, असे आम्हांला वाटायचे. पुढे ध्यानात आले, की गुरुजींच्या मनात हे दोन विषय वेगळे नव्हतेच.

त्यांचा एक पाठ मला अजून आठवतो. शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला ते आम्हांला उभे करीत, हाती खिडकीच्या काचेचा एक तुकडा देत आणि म्हणत, "एक डोळा मिटा. काच डोळ्यापुढे धरा. मागचे खांब जसे दिसतात तसे काचेवर गिरवा." गिरवून झाले, की काच जराही पुढेमागे केली तरी काचेवरचे खांब आणि खरे खांब यांची फारकत होई. मग ते म्हणत, "डोळा जिथे होता तिथेच न्या, म्हणजे चित्र खरे होईल." हे वाक्य मी वहीत उतरवले आणि विसरून गेलो. त्याचा अर्थ कळायला मला वीसएक वर्षे, एक जुना रशियन कॅमेरा आणि शेजारच्या वाड्यातील एक आजी एवढी सामग्री लागली. आजचे व्याख्यान ही त्या एका वाक्याची उशिरा लिहिलेली फोड समजावी.

भिंग किती पाहते

कॅमेऱ्याच्या भिंगावर एक आकडा कोरलेला असतो. ५० मिलिमीटर, २८ मिलिमीटर, २० मिलिमीटर. हे त्याचे नाभीय अंतर. पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट २४ गुणिले ३६ मिलिमीटरची असते. या चौकटीवर ५० मिलिमीटरचे भिंग कर्णरेषेत सुमारे ४६ अंशांचे दृश्य उमटवते, २८ मिलिमीटरचे ७५ अंशांचे, २० मिलिमीटरचे ९४ अंशांचे आणि १५ मिलिमीटरचे ११० अंशांचे. साधारणतः २४ मिलिमीटरच्या खालच्या भिंगांना आपण अतिरुंद कोनाची भिंगे म्हणू. वीस मिलिमीटरच्या भिंगासमोर खोलीच्या कोपऱ्याला पाठ लावून उभे राहिले, तर दोन्ही बाजूंच्या भिंती चौकटीच्या कडांजवळ येऊ लागतात.

असे भिंग बनवणे सोपे नव्हे. भिंगातून तिरका शिरणारा प्रकाश फिल्मच्या कडेपर्यंत पोहोचताना झपाट्याने क्षीण होतो. साध्या भिंगात हे प्रमाण तिरपेपणाच्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घातानुसार बदलते. पंचेचाळीस अंशांवर कोसाइन ०.७०७, त्याचा चौथा घात ०.२५. म्हणजे मध्यावर पूर्ण प्रकाश मिळाला, तर कोपऱ्यात त्याचा चौथा हिस्सा. फोटो मधोमध उजळ आणि कडांना काळवंडलेला दिसतो तो यामुळे.

हा मार्ग कोणी मोकळा केला

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या कामात पुढाकार घेणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचा जन्म आपल्याच पेडणे महालातील मांद्र्याचा. त्यांचे बंधू नारायण दाजी हे स्वतः फोटो काढीत आणि प्रदर्शनांत मांडीत. त्या पिढीने काचेच्या पट्ट्या आणि ओली रसायने घेऊन काम केले. भिंगे मात्र अरुंद कोनाची होती. मोठे देऊळ घ्यायचे तर दूर जावे लागे, आणि दूर जाण्यास जागा नसेल तर फोटो नाही.

ही अडचण दूर करण्याचे प्रयत्न युरोपात तेव्हाच सुरू होते. इंग्लंडात टॉमस सटन यांनी १८५९ साली पाण्याने भरलेले गोलाकार भिंग केले. त्याला वक्र काच वापरावी लागे. जर्मनीत गर्ट्झ कंपनीने १९०० साली 'हायपरगॉन' आणले. केवळ दोन काचांचे हे भिंग १३० अंशांहून अधिक पाही. कडांचा अंधार घालवण्यासाठी त्याच्या पुढ्यात पाकळ्यांची एक छोटी चक्री बसवली होती. रबरी फुग्याने वारा घातला, की ती गरगर फिरे, मध्याचा प्रकाश अडवी आणि कडांना पोहोचू देई. पुरेसा वेळ झाला, की ती बाजूला पाडून उरलेला प्रकाश घ्यायचा. प्रकाशाचे इतके प्रामाणिक वाटप करणारे यंत्र मी दुसरे पाहिलेले नाही.

पुढे विमानातून नकाशे काढण्याची गरज निर्माण झाली आणि रशियात मिखाईल रुसिनोव्ह यांनी मध्यापासून दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखी, बाहेर फुगीर काचा असलेली रचना केली. तिच्यात कडांना मिळणारा प्रकाश वाढला. 'रुसार' हे २० मिलिमीटरचे भिंग त्यांचेच. लुडविग बेर्टेले यांचे 'बायोगॉन' त्याच वाटेवरचे. २१ मिलिमीटरचे बायोगॉन १९५४ साली कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी निघाले. या भिंगांत सरळ रेषा सरळच राहतात. त्यांची मागची काच मात्र फिल्मच्या अगदी जवळ जाते.

इथे आरशाच्या कॅमेऱ्यांची पंचाईत झाली. ज्या कॅमेऱ्यात भिंगातूनच दृश्य पाहता येते, त्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा असतो आणि त्याला वर उचलण्यास जागा लागते. निकॉनने १९५९ साली २१ मिलिमीटरचे भिंग आणले, तेव्हा ते बसवण्यापूर्वी आरसा कायमचा वर अडकवून ठेवावा लागे आणि दृश्यासाठी वर वेगळी खिडकी लावावी लागे. खरा तोडगा फ्रान्समध्ये पिएर आंजेन्यू यांनी १९५० साली रूढ केला. पुढे मोठी अंतर्वक्र काच आणि मागे बहिर्वक्र समूह अशी उलट्या दुर्बिणीसारखी ही रचना. तिच्यामुळे भिंगाचे नाभीय अंतर २० मिलिमीटर असले, तरी त्याची मागची काच फिल्मपासून दूर राहू शकते. जुन्या रुंद भिंगांचा पुढचा भाग वाटीएवढा मोठा का असतो, याचे उत्तर यात आहे. मात्र ही रचना बेसम असल्यामुळे तिच्यात सरळ रेषा कडेला किंचित वाकतात.

माझा कॅमेरा आणि माझ्या चुका

माझ्याकडे आहे तो 'झेनिट-ई'. मुंबईत जुन्या बाजारात घेतलेला, सोव्हिएत बनावटीचा, विटेसारखा जड. त्यावर बसते ते 'मीर-२०', म्हणजे २० मिलिमीटरचे भिंग. रशियन भाषेत 'मीर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, शांती आणि जग. दुसरा अर्थ या भिंगाला अधिक शोभतो.

पहिल्या फिल्मवरील छत्तीस फोटोंपैकी निम्म्यांत माझ्या चपलांचे अंगठे, तिपाईचा पाय, किंवा कोपऱ्यात उभ्या केलेल्या छत्रीची मूठ आली होती. डोळ्यांनी तर यातले काही पाहिले नव्हते. कारण नंतर कळले. झेनिट-ईच्या खिडकीतून २४ गुणिले ३६ ऐवजी साधारण २० गुणिले २८ मिलिमीटर एवढाच भाग दिसतो. साध्या भिंगात हा फरक खपून जातो. रुंद भिंगात मात्र त्या न दिसणाऱ्या पट्टीत अर्धे घर मावते. तेव्हापासून फोटो घेण्यापूर्वी खिडकीतून पाहून झाले, की मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून चारही कडांची जमीन डोळ्यांनी झाडून घेतो.

दुसरी चूक कॅमेरा वर करण्याची. देवळाचा कळस यावा म्हणून कॅमेरा थोडा जरी वर झुकवला, तरी या भिंगात खांब एकमेकांवर कलंडू लागतात. भिंगाचा यात दोष नाही. फिल्म तिरपी झाली, की उभ्या समांतर रेषा एका बिंदूकडे धावणारच. यावर उपाय मला एका गवंड्याने दिला. त्याने आपली पाणसळ माझ्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवली आणि बुडबुडा मधे आणून दिला. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक वीतभर पाणसळ असते. कळस येत नसेल, तर कॅमेरा न झुकवता उंच नेतो, नाहीतर कळस सोडून देतो.

या भिंगाची एक मोठी सोय मात्र सांगितली पाहिजे. एफ ११ एवढे छिद्र ठेवून स्पष्टतेची कडी सव्वा मीटरच्या आसपास लावली, की सुमारे ६० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व स्पष्ट येते. हेच ५० मिलिमीटरच्या भिंगाने साधायचे, तर कडी साडेसात मीटरवर लावावी लागेल आणि पावणेचार मीटरच्या अलीकडचे सर्व पुसट होईल. झेनिटची खिडकी अंधारी आहे. तिच्यातून स्पष्टता जुळवण्यापेक्षा भिंगावर कोरलेल्या अंतरपट्टीवर विश्वास ठेवलेला बरा.

आपल्या हवेचा एक इशाराही देतो. गोव्याचा पावसाळा जुन्या भिंगांचा वैरी आहे. जून ते सप्टेंबर कातडी म्यानात ठेवलेल्या भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी वाढते, आणि एकदा ती काचेवरच्या लेपात रुतली, की निघता निघत नाही. कातडे ओल धरते. भिंग म्यानातून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि पुड्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्यात. अधूनमधून भिंगाला उजेड दाखवावा.

हरवळ्याच्या लेण्यात

रुंद भिंगाचा खरा उपयोग मला हरवळ्याला उमगला. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर असलेली ही लेणी जांभ्या दगडात कोरलेली. आत शिवलिंगे, समोर उघडा दर्शनी भाग. प्रत्येक खण इतका अपुरा, की मागे सरायला जाल तर पाठ भिंतीला लागते. साध्या भिंगाने लिंग येते तर खण येत नाही, खण येतो तर तो बाहेरून, काळ्या चौकोनासारखा. आत बसलेल्या माणसाला ती जागा कशी दिसते, हे दाखवण्यासाठी रुंद भिंगाखेरीज गती नाही.

तिथे अंधाराचा हिशेब वेगळा असतो. एफ ११ वर मीटर दहा सेकंद सांगतो. पण फिल्मचा स्वभाव असा, की अंधुक उजेडात तिची संवेदना मंदावते. 'ट्राय-एक्स' या कृष्णधवल फिल्मसाठी कोडॅकने दिलेल्या कोष्टकात मीटरचे एक सेकंद म्हणजे प्रत्यक्षात दोन, आणि मीटरचे दहा सेकंद म्हणजे पन्नास. एवढा वेळ झडप उघडी ठेवायची, तोवर दर्शनी भागाकडचा उजेड फिल्म जाळून टाकतो. म्हणून बाहेर ऊन नसेल अशी वेळ निवडावी आणि झडप उघडी असतानाच काळा पुठ्ठा भिंगापुढे हलका हलवत उजेडाची बाजू निम्मा वेळ झाकून धरावी. हायपरगॉनची चक्री जे करी, तेच इथे हाताने करायचे. उरलेले काम अंधाऱ्या खोलीत होते. कोपऱ्यांना प्रकाश कमी मिळालेला असल्याने निगेटिव्ह तिथे विरळ असते. छापताना कोपऱ्यांवर हाताची सावली धरली, की काळवंडणे आटोक्यात येते.

आजींचा आक्षेप

आता मूळ गोष्टीकडे वळतो. कारापुरात आमच्या शेजारी एक जुना वाडा होता. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, मध्ये राजांगण, त्यात तुळस, चहूंबाजूंनी सोपे. वाटण्या झाल्या आणि १९८९ साली तो पाडायचे ठरले. पाडण्यापूर्वी आठ दिवस मी राजांगणाच्या कोपऱ्यात तिपाई लावली, पाणसळ ठेवली आणि मीर-२० ने चारही सोपे एकेक करून घेतले. वाडा गेला. फोटो मी आठ गुणिले बारा इंचांचे छापून वाड्यातल्या आजींना नेऊन दिले. त्या खूश होतील, या खात्रीने समोर बसलो.

आजींनी चष्मा लावून, हात लांब करून फोटो पाहिला आणि शांतपणे परत दिला. "हें आमचें घर न्हय, पुता." मी म्हटले, तुमचेच राजांगण. त्या म्हणाल्या, "आमचें इतलें व्हड खंय आशिल्लें?"

मी ओशाळलो. आजींचे म्हणणे खरे होते. फोटोत राजांगण एखाद्या संस्थानिकाच्या दरबारासारखे पसरले होते. समोरचा सोपा मैलभर दूर गेला होता, आणि कडेची कळशी भोपळ्यासारखी लांबट झाली होती. वाडा पाडून झाला होता. पुन्हा फोटो घेता येणार नव्हता. त्या घराचा एकमेव पुरावा माझ्या हातात होता, आणि ज्या बाईने तिथे साठ वर्षे काढली ती तो नाकारीत होती.

पुढे काही महिन्यांनी एका फोटोची प्रत मी बारा गुणिले अठरा इंचांची केली. आजींचा आक्षेप खोडावा अशी जिद्दही त्यात होती. ती घेऊन गेलो तेव्हा दिवे गेले होते. आजी लहानपणापासून जवळचेच पाहू शकणाऱ्या. त्यांनी चष्मा काढला, दाराच्या उजेडात जाऊन तो मोठा कागद नाकाशी धरला, आणि कितीतरी वेळ मान इकडून तिकडे फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आतां दिसता आमचें." बोटाने त्यांनी तुळशीपासून देवखणापर्यंतची वाट दाखवली, आणि आपण कुठे बसत असू तेही.

त्या रात्री मला गुरुजींची काच आठवली. डोळा जिथे होता तिथेच न्या. हिशेब मांडला. चोवीस मिलिमीटरची चौकट बारा इंचांपर्यंत, म्हणजे ३०५ मिलिमीटरपर्यंत वाढवली, तर ती १२.७ पट झाली. भिंगाचे २० मिलिमीटर तितक्याच पटीने वाढवले, की येतात २५४ मिलिमीटर. बरोबर दहा इंच. तो कागद दहा इंचांवरून पाहिला, तरच डोळा भिंगाच्या जागी येतो. तिथून पाहिले, की कडेची लांबट कळशी तिरप्या नजरेने पुन्हा गोल दिसते आणि दूर गेलेला सोपा आपल्या जागी परततो. विज्ञानाच्या पुस्तकात स्पष्ट दर्शनाचे लघुतम अंतर २५ सेंटिमीटर दिलेले असते, ते हेच. आठ गुणिले बाराच्या प्रतीसाठी हे अंतर पावणेसात इंच होते. तिथे सामान्य डोळा नीट पाहूच शकत नाही. उलट ५० मिलिमीटरच्या भिंगाने घेतलेला फोटो त्याच मोठ्या आकारात पंचवीस इंचांवरून पाहायचा असतो. आपण हात लांब करून कागद धरतो ते जवळजवळ तेवढेच अंतर. म्हणून ते भिंग आपल्याला 'नैसर्गिक' वाटते आणि रुंद भिंग 'खोटे'.

रुंद भिंगात दोन दोष मिसळलेले असतात. सरळ रेषा वाकणे हा भिंगाचा दोष. कडेच्या वस्तू ताणल्या जाणे, कोपऱ्यात जवळजवळ दीडपट, हा मात्र पाहणारा चुकीच्या जागी उभा राहिल्याचा परिणाम. आजींनी चष्मा काढला आणि योग्य जागी येऊन उभ्या राहिल्या, एवढेच.

घरोघरी करण्याजोगे काम

डिचोली आणि पेडण्यातील जुनी घरे दरवर्षी कमी होत आहेत. नवी घरे हवीत, याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाडण्यापूर्वी घराच्या आतला अवकाश नोंदवून ठेवावा, आणि तो बसणाऱ्याच्या उंचीवरून, जमिनीपासून अडीच फुटांवर, पाणसळ लावून. ज्यांच्या माळ्यावर जुना कॅमेरा पडून असेल, त्यांनी तो उतरवावा. कृष्णधवल फिल्म आजही मिळते आणि घरच्या मोरीत धुता येते. नीट धुऊन कोरडी ठेवलेली निगेटिव्ह नातवंडांच्या काळापर्यंत टिकते. मोबाइलमध्येही आता रुंद भिंग असते आणि त्यालाही हाच नियम लागू आहे. फोटो मोठा छापावा, आणि त्याच्या पाठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: कॅमेरा घरात कुठे होता, किती उंचीवर होता, आणि हा फोटो किती इंचांवरून पाहावा.

राजांगणाचा तो फोटो या पुस्तिकेत छापावा, अशी सूचना संपादक मंडळींनी केली होती. मी नम्रपणे नकार दिला. पुस्तिकेच्या पानावर तो पाच इंच रुंद होईल, आणि खरा दिसण्यासाठी डोळ्यापासून जेमतेम तीन इंचांवर धरावा लागेल. त्याऐवजी अठरा इंचांची प्रत मी शाळेला दिली आहे. ती व्हरांड्याच्या टोकाला, गुरुजी आम्हांला काच घेऊन उभे करीत तिथे, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावली आहे. घरी जाण्यापूर्वी एक डोळा मिटून तिच्या अगदी जवळ जावे, एवढी विनंती करतो.